कुणाचं प्रारब्ध?

चरकसंहितेत, विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, अग्निवेश आपल्या गुरूंना विचारतो: माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय त्याला टाळत नाहीत. ते म्हणतात, आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंच्या जोडणीवर अवलंबून असतं. मागच्या देहात केलेलं कर्म ते दैव, या देहात आपण करतो तो पुरुषकार. दोहोंपैकी जे बळकट असेल ते दुसऱ्याला मागे सारतं. आणि मग ते एक साधा मुद्दा मांडतात. सगळंच ठरलेलं असतं, तर दीर्घायुष्याची इच्छा धरून कुणी औषध घेतलं नसतं, होम केले नसते, उधळलेला हत्ती समोरून येताना कुणी बाजूला झालं नसतं.

साताऱ्यात मी पदवीच्या मुलांना संस्कृत शिकवत होते तेव्हा हा भाग दरवर्षी घ्यायचे. मुलांना तो आवडायचा. पण त्याच ग्रंथात शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात वेगळंच सांगितलं आहे. तिथं म्हटलंय की काही रोग कर्मज असतात. त्यांच्यावर उपचार चालत नाहीत. कर्माचा क्षय झाला की मगच ते शमतात. हे दोन उतारे शेजारी ठेवून वाचायची वेळ माझ्यावर २००६च्या पावसाळ्यात आली. पोटाच्या डाव्या बाजूला जड वाटत होतं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. प्लीहा वाढली होती. रक्ताच्या रिपोर्टात पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजारांच्या वर होत्या. निरोगी माणसाच्या चार ते अकरा हजार असतात. पुण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, सीएमएल. मी चाळिशी ओलांडलेली होते. पश्चिमेकडे हा आजार बहुतेक साठीच्या आसपास होतो. आपल्याकडे त्याचे रुग्ण पुष्कळ तरुण असतात, तिशी-चाळिशीतले, घर चालवणारे.

आजार काय आहे ते डॉक्टरांनी मला नीट समजावलं आणि पुढे मी मिळेल तिथून वाचत गेले. अस्थिमज्जेतल्या एका, फक्त एका, मूळ पेशीत दोन गुणसूत्रं तुटतात. नवव्याचा तुकडा बाविसाव्याला लागतो, बाविसाव्याचा नवव्याला. तुकड्यांच्या सांध्यावर दोन जनुकं जुळून एक नवंच जनुक तयार होतं, बीसीआर-एबीएल. ते जे प्रथिन बनवतं ते त्या पेशीला सतत एकच हुकूम देत राहतं: वाढ. एरवी असा हुकूम गरजेपुरता सुटतो आणि थांबतो, इथं तो थांबतच नाही. १९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं, म्हणून त्याला त्या शहराचं नाव पडलं. ते आखूड का, हे १९७३मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडून त्या जोड्या लावत बसायच्या, आणि तुकडा हरवलेला नसून दुसरीकडे जाऊन चिकटला आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. चार मुलं वाढवताना अर्धवेळ काम केलेली ही बाई मला फार जवळची वाटते.

तर हे तुकडे का तुटतात? हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत हा आजार जास्त दिसला, म्हणजे किरणोत्सर्ग हे एक कारण पक्कं आहे. ते सोडलं तर रुग्णाला बोट दाखवता येईल असं दुसरं कारण नाही. तो आईबापांकडून येत नाही, मुलांकडे जात नाही. खाण्यापिण्यानं होत नाही. पेशी रोज अगणित वेळा विभागतात, त्यात कुठंतरी एकदा असं घडतं.

माझ्या आत्याला हे पटलं नाही. ती माझी पत्रिका घेऊन कुणाकडे तरी जाऊन आली होती आणि तिनं प्रेमानंच सांगितलं, की मागच्या जन्मीचं काही असणार, भोगून संपव म्हणजे सुटशील. मी तिला उलटून बोलले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ते आजारामुळे नव्हे. जे अंगावर आलं ते सोसायला मी तयार होते. मी अपराधी आहे, हे मात्र सोसायचं कारण मला दिसत नव्हतं.

काही वर्षांनी ओपीडीच्या बाकावर शेजारी दहिवडीकडची एक बाई बसली होती. मुलगा पंचविशीच्या आतला, टेम्पो चालवणारा. नुकतंच निदान झालेलं. फाइल तिनं छातीशी धरली होती, मुलगा पाण्याची बाटली भरायला गेला तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, लेकरानं कुणाचं काय वंगाळ केलं न्हाई वो. मागल्या जल्मी मीच कायतरी केलं आसंल." मी तिला सांगितलं, तुम्ही काही केलं नाही, त्यानंही नाही. ती म्हणाली, "मग उगाच व्हतंय व्हय?"

उगाच होतं का, हा प्रश्न तिनं मला विचारला आणि तो आपल्या परंपरेतला फार जुना प्रश्न आहे. श्वेताश्वतर उपनिषद सुरूच होतं ते जगाचं कारण काय या विचारणेनं, आणि तिथं काल, स्वभाव, नियती यांच्या रांगेत यदृच्छेचंही नाव येतं. ऋषींना यदृच्छा अंतिम कारण म्हणून मान्य झाली नाही, पण तिचा विचार करायला ते घाबरले नाहीत. आपण घाबरतो. उगाच घडलं असं म्हणण्यापेक्षा मीच केलं असेन असं म्हणणं आईला सोपं जातं, कारण मग जगात निदान न्याय तरी शिल्लक राहतो. त्या न्यायाची किंमत मात्र तीच मोजते, आणि तिचा मुलगा.

माझं म्हणणं असं आहे. कर्मसिद्धांत कुणी स्वतःबद्दल स्वीकारला, त्यातून त्याला धीर आला, तर त्याला हात लावायचं मला कारण नाही. तुकोबांच्या गावचे माझे काही वारकरी स्नेही आहेत, ते आपलं दुखणं असं स्वीकारतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान खरं आहे. पण दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहून हे त्याच्या कर्माचं फळ असं म्हणण्याचा अधिकार कोणत्या शास्त्रानं कुणाला दिला? ज्याला मागचा जन्म दिसत नाही त्यानं मागच्या जन्माचा निवाडा देऊ नये. आजारी माणसापुढे तर नाहीच नाही.

आणि कर्मज रोगाची ती व्याख्या? उपचार चालत नाहीत तो कर्मज. त्या मापानं सीएमएल शेकडो वर्षं कर्मजच ठरला असता. बुसल्फान आणि हायड्रॉक्सियुरियानं पेशींचा आकडा खाली यायचा, आजार तसाच राहायचा आणि बहुतेक रुग्ण काही वर्षांत जायचे. इंटरफेरॉनच्या सुया काहींना उपयोगी पडायच्या, पण रोजचा ताप आणि अंगदुखी घेऊन. बोनमॅरो बदलणं हा एकच मार्ग मुळापर्यंत जाणारा होता. त्यासाठी जुळणारं भावंड हवं, पैसा हवा, आणि त्यातच माणूस दगावण्याची भीती. मग बाझलच्या सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा रेणू घडवला, जो बीसीआर-एबीएलच्या प्रथिनात, जिथं त्याला ऊर्जा देणारा एटीपी बसतो, नेमक्या त्या जागी जाऊन बसतो. जागा अडली की हुकूम थांबतो. ओरेगनमधल्या पोर्टलंडचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर या रेणूच्या मागे लागले. रुग्ण थोडे, म्हणून औषध बाजारात चालायचं नाही, असं वाटणाऱ्यांची समजूत ते घालत राहिले, आणि जून १९९८मध्ये पहिल्या रुग्णाला ते मिळालं. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा घेतलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. इमॅटिनिब.

मग मी विचारते, ९ मेपर्यंत हा रोग कर्मज होता आणि १० मेला राहिला नाही, असं म्हणायचं का? त्या एका दिवसात जगभरच्या रुग्णांचं पाप फिटलं? १९९५ साली गेलेला एखादा शिक्षक आणि २००६मध्ये वाचलेली मी, आमच्या दोघांच्या पुण्यात फरक नव्हता. फरक होता तो माणसांनी केलेल्या कामात. आत्रेयांच्या भाषेत तो पुरुषकार, पण माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा तरी पुरुषकार माझ्या दैवावर चालून गेला. चरकाच्या त्या वाक्यात पुरुषकार ज्याचा त्याचा आहे असं आपण गृहीत धरून वाचतो. मला वाटतं, तिथंच आपलं वाचन तोकडं पडतं.

हे अधिक स्पष्ट झालं ते पैशाच्या बाबतीत. नोव्हार्टिस कंपनीचं ग्लिव्हेक, म्हणजे हेच इमॅटिनिब, महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांचं होतं. भारतीय कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध आठ ते दहा हजारांत मिळत होतं. माझा तेव्हाचा पगार पहिल्या आकड्यापुढे काहीच नव्हता. जानेवारी २००६मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि त्यानंतर सहाएक महिन्यांनी माझं निदान झालं. पुढची सात वर्षं मी गोळी घेत होते आणि खटला चालू होता. मद्रास उच्च न्यायालय, मग बौद्धिक संपदेचं अपील मंडळ, मग सर्वोच्च न्यायालय. पेपरात बातमी आली की नवरा कात्री घेऊन बसायचा. भारतीय पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं, की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप पेटंटला पात्र नाही; त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवायला हवी. इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपाबद्दल ते दाखवता आलं नाही, असा निर्णय न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी दिला. रुग्णांच्या बाजूनं सुरुवातीपासून उभी राहिलेली संस्था आपल्या मुंबईचीच, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. कंपनी आपल्या योजनेतून हजारो भारतीय रुग्णांना औषध फुकट देत होती, हेही खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण कुणाच्या दानावर जगणं आणि कायद्यानं मिळालेल्या रास्त दरात औषध विकत घेणं, यांत माणसाच्या मानाचा फरक आहे.

माझं प्रारब्ध त्या सात वर्षांत बाझल, चेन्नई आणि दिल्ली इथं लिहिलं जात होतं. ज्या गरिबांना या गोळीपर्यंत पोहोचताच आलं नाही, त्यांचंही माणसांनीच लिहिलं होतं. विमानस्थानाचा तोच तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा आहे, हे इथं आठवतं. गंगेच्या काठी, कांपिल्य नगरीजवळ आत्रेय शिष्यांना सांगतात, की वेगवेगळ्या प्रकृतीची, आहाराची, वयाची माणसं एकाच वेळी एकाच रोगानं मरतात तेव्हा वारा, पाणी, देश आणि काळ बिघडलेले असतात, आणि त्या बिघाडाचं मूळ अधर्मात असतं. कुणाच्या? देशाचे, नगराचे जे प्रमुख असतात त्यांच्यापासून तो सुरू होतो. म्हणजे कर्माचं फळ एकेका जिवाच्या खात्यावर मांडण्यापूर्वी ते समाजाच्या खात्यावर मांडायची सोय आपल्याच ग्रंथात आहे. दहिवडीच्या त्या बाईला तिच्या मागच्या जन्माबद्दल विचारण्याऐवजी, तिच्या मुलाला औषध सलग मिळतं का, रक्तात बीसीआर-एबीएल शोधणारी पीसीआरची तपासणी परवडते का, हे विचारणं मला अधिक धार्मिक वाटतं.

मग माझ्या वाट्याला काय उरलं? रोजची एक गोळी. चारशे मिलिग्रॅम, तपकिरी-नारिंगी, मधोमध रेघ. जेवणाबरोबर, मोठ्या पेलाभर पाण्यासोबत, नाहीतर पोटात ढवळतं. मी रात्रीच्या जेवणात घ्यायचे. आमच्याकडे एकादशीला उपास असतो. त्या दिवशी भगरीबरोबर घ्यायचे, उपास मोडला असं मला कधी वाटलं नाही. सकाळी पापण्या सुजलेल्या असायच्या, रात्री पोटऱ्यांत गोळे यायचे. नेम धरून मारणारं औषध म्हणतात याला, पण तो नेम अगदी एकाच जागी बसत नाही. शरीरातल्या आणखी काही प्रथिनांनाही तो लागतो.

माझे वडील वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले. केवलानंद सरस्वतींच्या मीमांसाकोशाचे खंड त्यांच्या कपाटात होते, आता माझ्याकडे आहेत. मीमांसक कर्मांचे भाग पाडतात. पाऊस, पुत्र, स्वर्ग अशा इच्छेनं करतात ते काम्य. काही निमित्तानं करावं लागतं ते नैमित्तिक. आणि सकाळ-संध्याकाळच्या अग्निहोत्रासारखं रोजचं, ते नित्य. नित्यकर्माचं वेगळं फळ सांगितलेलं नाही, पण न केल्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. केल्याचं काही मिळत नाही, मग करायचं कशाला? गोळी सुरू झाल्यावर हा प्रकार अंगानं कळला. दुसऱ्या वर्षापासून माझं रक्त नॉर्मल आहे. गोळी घेऊन मला बरं वाटायचं नाही, कारण मुळात बरं नाही असं वाटतच नव्हतं. उलट थोडं ढवळायचंच. फळ दिसायचं नाही. पण जे रुग्ण मधूनमधून गाळतात त्यांचा आजार काबूत राहत नाही, हे डॉक्टर वारंवार बजावतात. बरं वाटतं म्हणून सोडणारे सगळ्यात जास्त अडचणीत येतात.

शंकराचार्यांनी मीमांसकांच्या या प्रत्यवायावर एक आक्षेप घेतला आहे. न करणं म्हणजे अभाव. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी निर्माण होईल? तैत्तिरीय भाष्यात ते म्हणतात, दोष आधीचाच असतो. नित्यकर्म न होणं ही त्याची खूण असते. वडील या मुद्द्यावर मीमांसकांची बाजू घेऊन तासन्तास बोलायचे. मला मात्र आचार्यांचं म्हणणं माझ्या मज्जेत खरं झालेलं दिसतं. गोळी चुकल्यानं आजार निर्माण होत नाही. तो तिथं होताच, मूळ पेशी कुठंतरी शांत बसलेल्या होत्याच. गोळी त्यांना रोज थोपवत होती. म्हणून गोळी घेणाऱ्या माणसाला मी हे पापक्षालन आहे असं सांगणार नाही, आणि चुकलेल्याला पापी म्हणणार नाही. रोज थोपवायचं, एवढंच.

यंदा डॉक्टरांनी थांबवायचा विषय काढला. माझ्या पीसीआरमध्ये बीसीआर-एबीएल बऱ्याच वर्षांत आढळलेलं नाही. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा-झाव्हिए माहों यांनी अशा शंभर रुग्णांची गोळी थांबवून पाहिली, त्याचा अहवाल २०१०मध्ये आला: साधारण चाळीस टक्क्यांचा आजार परत आला नाही. ज्यांचा आला त्यांचा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो पुन्हा काबूत आला. गर्भारपणात ही गोळी चालत नाही, त्यामुळे मूल हवं असलेल्या तरुण मुलींसाठी हे थांबवणं फार मोठी गोष्ट आहे. माझ्यापुढे तसं काही नाही. मी आहे तशी चालत राहू शकले असते.

बरेच दिवस मी अडून बसले होते. नित्यकर्म सोडायचं कसं? पण शास्त्रात सोडण्याचाही विधी आहे. संन्यास घेणारा अग्निहोत्री एके दिवशी आळसानं अग्नी विझू देत नाही. तो शेवटची इष्टी करतो, अग्नी स्वतःत सामावून घेतो, आणि मग बाहेरचं कर्म थांबतं. कंटाळून टाकणं वेगळं, तपासून, जाणून, वेळ आल्यावर ठेवून देणं वेगळं. इथं विधी म्हणजे दर महिन्याला पीसीआर, आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की त्याच दिवशी गोळी परत, कुणाला न विचारता. असं ठरल्यावर मी हो म्हटलं.

दहिवडीच्या बाईचा अधूनमधून फोन येतो. मुलगा चांगला आहे, टेम्पो आता स्वतःचा आहे. गोळी थांबवल्याचं सांगितलं तर ती आनंदानं म्हणाली, "म्हंजे फिटलं म्हणायचं तुमचं."

मी म्हटलं, "फिटायला देणं कुठं होतं? थांबवून बघतेय, दर महिन्याला रक्त देणार आहे. त्याची तीन महिन्यांची तपासणी झाली का?"

"सोमवारी न्हेती," ती म्हणाली. "आनि गोळी एक दिस चुकवू देत न्हाई म्या."